उघड्या दाराची प्रार्थना

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचा इतिहास सांगायला बसलं की तारखा लगेच हाताशी येतात. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. १८१३ साली अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले. १८३१ साली त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, आपलं ठाणं मांडलं. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. हे सगळं लिहून ठेवलेलं आहे. बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत, मिशनचे अहवाल आहेत, शाळांचे पट आहेत. पण या कागदपत्रांत एक साधी गोष्ट शोधू गेलं तर ती सापडत नाही. ताटावर बसल्यावर पहिला घास उचलण्याआधी क्षणभर थांबायचं, हे पोराला कुणी शिकवलं? अंथरुणावर पडण्याआधी दिवसभराचं बरंवाईट देवाला सांगायचं, ही सवय कुणी लावली?

उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच बहुधा ते कुणी लिहून ठेवलं नाही. ही सवय आईनं लावली.

मी स्वतः ख्रिस्ती घरातली आहे आणि आईही आहे. त्यामुळे या विषयाकडे मी अगदी तटस्थपणे पाहते असा माझा दावा नाही. परंतु आज मला उपदेश करायचा नाही, इतिहासच सांगायचा आहे. घरातली रोजची प्रार्थना ही वरवर पाहता फार लहान आणि खासगी गोष्ट. तिच्यापायी एखादी संस्था अडचणीत येईल, जिवाभावाचे सहकारी दुरावतील, वर्तमानपत्रांत रणं माजतील, असं कुणाला वाटणार नाही. पण पुण्यात १८९३ साली नेमकं तसं घडलं. त्या घटनेच्या मध्यभागी एक आई होती, तिची बारा वर्षांची मुलगी होती आणि एका खोलीचं उघडं दार होतं. त्या दारापर्यंत पोचण्यासाठी आधी थोडं मागं जायला हवं.

आपल्याकडच्या बाईला हातातलं काम न थांबवता देवाचं नाव घ्यायची सवय फार जुनी आहे. पहाटे जात्यावर बसलं की ओवी सुरू होते. दळण सरतं, देवाचं नाव घेऊन होतं, माहेरच्या माणसांची आठवण काढून होते आणि पाळण्यातलं मूल त्याच सुरात पुन्हा झोपी जातं. प्रार्थनेसाठी वेगळा वेळ काढायचा, वेगळ्या जागी बसायचं, ही चैन त्या घरात बाईला नव्हतीच. तिची प्रार्थना कामाच्या लयीतूनच येत असे.

गोव्यात आलेल्या एका इंग्रज जेझुइट धर्मगुरूंनी ही गोष्ट बरोबर हेरली. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्याला आले आणि १६१९ साली तिथंच वारले. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची अडचण त्यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच नोंदवली आहे. जुनी पुराणं वाचायला मनाई झाली, मग आता आम्ही घरी वाचायचं काय, असा तो प्रश्न होता. त्याला उत्तर म्हणून स्टीफन्स यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचलं. १६१६ साली ते रोमन लिपीत छापून निघालं. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. लॅटिनमध्ये विचार करणाऱ्या माणसानं छंद मात्र ओवीचा निवडला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. ओवी पाठ होते. पुस्तक हातात नसलं तरी ती म्हणता येते. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ती आपली वाटते.

पुढे १६८४ साली गोव्यात पोर्तुगीज सरकारनं स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. हुकूम दरबारात चालला. घरात, दिवेलागणीला मुलांना भोवती घेऊन बसलेल्या आईच्या तोंडची भाषा काही त्यानं बदलली नाही. गोव्याच्या कॅथलिक घरांतून संध्याकाळी जी जपमाळ म्हणतात, तिला ‘तेर्स’ म्हणतात. शब्द पोर्तुगीज, ‘तृतीयांश’ या अर्थाचा. पूर्ण जपमाळेत मारियेच्या नमनाच्या दीडशे प्रार्थना असत, रोज म्हणायच्या त्यातल्या एक तृतीयांश, म्हणजे पन्नास. शब्द परका राहिला, पण प्रार्थना कोकणीत झाली. वसईतही तसंच. १७३९ नंतर पोर्तुगीज धर्मगुरू गेले, सत्ता बदलली, पण तिथले ख्रिस्ती शेतकरी आणि कोळी आपल्या गावांतच राहिले. त्यांच्या श्रद्धेचा मोठा भार घरांनी उचलला. आणखी एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. कॅथलिक चर्चमधला मिस्सा १९६० च्या दशकापर्यंत लॅटिनमध्ये होत असे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर १९६३ मध्ये लोकभाषेला वाट मोकळी केली. म्हणजे वेदीवर मराठी येण्याच्या कितीतरी आधी ती चुलीजवळच्या प्रार्थनेत होती.

हे सगळं सामूहिक, नावं नसलेल्या आयांचं काम झालं. मी ज्या आईविषयी बोलणार आहे तिचं नाव मात्र सर्वांना ठाऊक आहे. पंडिता रमाबाई. त्यांना आपण संस्कृत पंडिता म्हणून ओळखतो, समाजसुधारक म्हणून ओळखतो, शारदा सदन आणि मुक्ती मिशन यांच्या संस्थापक म्हणून ओळखतो. आई म्हणून त्यांचा विचार आपण फारसा केलेला नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई. वडिलांनी बायकोला संस्कृत शिकवलं, म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला. त्या आईनं मुलीला शिकवलं. कधी शिकवलं? रमाबाईंनीच पुढे आपल्या आठवणीत लिहिलं आहे की आईला दिवसभर घरकामातून उसंत नसे, म्हणून ती पहाटे उजाडण्यापूर्वी मुलीला उठवी. झोपेनं जडावलेल्या लहान मुलीला लाडीगोडी लावून जागं करी आणि झाडांवर पाखरं किलबिलू लागली की तोंडी पाठ सुरू होई. पुस्तक नाही, दिवा नाही. सूर्य वर येईपर्यंतचा तेवढाच वेळ आईचा स्वतःचा. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर रमाबाईंनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं, ते त्यांनी या आईच्या स्मृतीला अर्पण केलं. घरातल्या रोजच्या उपासनेचा पहिला धडा रमाबाईंना एका हिंदू आईकडून मिळाला होता, हे विसरून चालणार नाही. पुढे धर्म बदलला. दिवसातला काही वेळ मुलीसाठी आणि देवासाठी राखायचा, ही रीत तीच राहिली.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. भाऊ श्रीनिवास यांच्याबरोबर पायी देश हिंडत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथं त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८० साली भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी लग्न केलं. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीनं वारले. चोविसाव्या वर्षाच्या आत आईवडील, भाऊ, नवरा सगळे गेलेले आणि कडेवर दहा महिन्यांची मुलगी. १८८३ साली या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या. तिथं वाँटेज या गावी ॲंग्लिकन भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथून पुढची हकीकत त्यांच्या पत्रव्यवहारात आहे. हा पत्रव्यवहार वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांनी जपून ठेवला होता आणि १९७७ साली तो महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं प्रसिद्ध केला. सिस्टर जेराल्डिन या रमाबाईंच्या धर्ममाता. दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं, यात शंका नाही. पण पत्रांतून वाद धगधगताना दिसतो. वाद दोन गोष्टींचा होता. ख्रिस्ती म्हणून रमाबाईंनी काय मानायचं, ही पहिली. मनोरमेला काय शिकवायचं, ही दुसरी. चर्चच्या अधिकाऱ्यांना वाटे, नव्यानं आलेल्या या बाईनं वडीलधाऱ्यांचं ऐकावं. रमाबाईंचं उत्तर सरळ होतं. मोठ्या कष्टानं मी एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे, आता लगेच दुसरं तसलंच जोखड मानेवर घेणार नाही, अशा आशयाचं त्यांनी १८८५ साली कळवलं. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती, त्यावरही त्यांनी प्रश्न विचारला. लॅटिनमध्ये असं काय आहे जे आमच्या संस्कृतात नाही? ज्या शब्दांचा अर्थ मला आणि माझ्या माणसांना कळत नाही ते शब्द मी छातीवर का वागवू?

मुलीच्या बाबतीत त्या अधिकच ठाम होत्या. रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत आणि शिकवत होत्या तेव्हा मनोरमा वाँटेजला भगिनींकडे असे. मुलीचं रोजचं न्हाऊमाखू, खाणंपिणं आणि प्रार्थना दुसऱ्यांच्या हातात होती. जे मत मला अजून पटलेलं नाही ते माझ्या मुलीच्या तोंडी आधीच घालू नका, ती वाढेल ती हिंदुस्थानची लेक म्हणून वाढेल, आपल्या माणसांची तिला लाज वाटता कामा नये, असं रमाबाईंचं म्हणणं होतं. गंमत पाहा. नेमक्या याच काळात इंग्लंडच्या चर्चमध्ये आईच्या प्रार्थनेचं महत्त्व मोठ्या आवाजात सांगितलं जात होतं. मेरी सम्नर नावाच्या बाईंनी १८७६ साली आपल्या गावातल्या आयांना एकत्र करून ‘मदर्स युनियन’ सुरू केली होती. १८८५ साली पोर्ट्‌समथच्या सभेतल्या त्यांच्या भाषणानंतर ती चळवळ दूरवर पसरली. मुलांना घडवणं हे आईचं काम, त्याचा पाया घरातली प्रार्थना, हा तिचा सांगावा. पण समोरची आई हिंदुस्थानातली विधवा आहे म्हटल्यावर तिच्या मुलीला प्रार्थना कुणी शिकवायची, हे ठरवायला मात्र चर्चमधली मोठी माणसं पुढे आली. रमाबाईंनी ते मानलं नाही. घरातल्या प्रार्थनेसाठीचा त्यांचा हा पहिला झगडा, आणि तो ख्रिस्ती माणसांशीच होता.

दुसरा झगडा पुण्यात झाला. अमेरिकेत मदत गोळा करून रमाबाई परतल्या आणि ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडलं. १८९० च्या अखेरीस ते पुण्याला आलं. उच्चवर्णीय बालविधवांसाठी हे घर होतं. अगदी आरंभी आलेल्या मुलींतली एक गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे. बॉस्टनच्या मंडळानं दहा वर्षं पैसा द्यायचं कबूल केलं होतं. अट एवढीच की सदनात कोणत्याही धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. मुलींना आपापले आचार पाळायची, सोवळंओवळं सांभाळायची पूर्ण मोकळीक होती. सल्लागार मंडळावर न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती. त्या काळात आपल्या विधवा मुलीला एका ख्रिस्ती बाईच्या घरात शिकायला पाठवणं ही लहान गोष्ट नव्हती. पालकांनी ते केलं ते या मंडळींच्या शब्दावर.

रमाबाईंनी शब्द पाळला. त्यांनी वर्गात बायबल शिकवलं नाही. पण त्या स्वतः ख्रिस्ती होत्या आणि त्यांची मुलगी त्यांच्याजवळ होती. रोज त्या आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन शास्त्र वाचत आणि प्रार्थना करत. १८९१ च्या सुमारास त्यांच्या मनात मोठी उलथापालथ झाली. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त आता भेटला, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. त्यानंतर या रोजच्या प्रार्थनेला वेगळाच जिवंतपणा आला. खोलीचं दार उघडं असे. मुली येताजाता पाहत. एखादी दारात उभी राही. एखादी आत येऊन मनोरमेशेजारी बसे. हळूहळू अशा मुलींची संख्या वाढली.

झालं, एवढ्यावरून वादळ उठलं. ‘केसरी’चा सदनावर आधीपासून रोख होताच. आता आरोप असा झाला की हे दार मुद्दाम उघडं ठेवलेलं आहे. सल्लागारांनी सुचवलं की प्रार्थना हवी तर करा, पण दार लावून करा. रमाबाई म्हणाल्या, या मुली मला आई मानतात. माझ्या मुलीला मी जवळ घेणार आणि यांच्या तोंडावर दार लावणार, हे मला जमायचं नाही. कुणाला मी बोलावत नाही, कुणाला घालवूनही देणार नाही. जशी त्यांना आपल्या पूजेची मोकळीक आहे तशी मला माझ्या प्रार्थनेची असू द्या. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे, भांडारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. पालकांनी येऊन आपापल्या मुली काढून नेल्या. ज्या मुलींनी आयुष्यात पहिल्यांदा पाटी-पेन्सिल हातात धरली होती, त्यांतल्या अनेकजणी पुन्हा त्याच अंधाऱ्या माजघरात गेल्या. या सगळ्या भांडणात सर्वांत मोठी किंमत मोजली ती त्यांनी.

या प्रकरणात चूक कुणाची, हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. रानड्यांच्या बाजूचं म्हणणं मला समजतं. ज्या मुलीला जगात कुणी नाही, जिला जेवणखाण, कपडालत्ता आणि माया एकाच बाईकडून मिळते, ती त्या बाईच्या खोलीत आपणहून जाऊन बसली, तर ते ‘आपणहून’ किती, हा प्रश्न रास्तच आहे. पुढच्या काही वर्षांत सदनातल्या काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, म्हणजे त्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. शिवाय सल्लागारांनी आपली अब्रू पालकांपाशी गहाण ठेवली होती. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. रमाबाईंकडून मागितलं जात होतं ते असं की आईपण आणि श्रद्धा यांची फारकत करा. दिवसभर मुलींची आई राहा आणि प्रार्थनेच्या वेळी परकी व्हा. ज्या आईसाठी प्रार्थना हा दिवसाचाच एक भाग झालेला असतो, तिला ही फारकत करता येत नाही. केस विंचरणं, ताप पाहणं, पाढे म्हणवून घेणं आणि देवाचं नाव घेणं, हे तिच्या लेखी एकाच मायेचं काम असतं. बॉस्टनच्या मंडळानं चौकशी करून शेवटी रमाबाईंना काम चालू ठेवू दिलं.

मात्र एक धडा रमाबाईंनी स्वतःच घेतला असावा. मंडळाचा दहा वर्षांचा करार १८९८ साली संपला, त्यानंतर त्यांनी केडगावच्या आपल्या कामाबद्दल कुणालाही संदिग्धतेत ठेवलं नाही. हे ख्रिस्ती घर आहे, असं त्या उघडपणे सांगत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातमधून आणखी आणल्या. मुक्ती सदनात तेव्हा दीड-दोन हजार बायामुली होत्या. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथाश्रमाचं उदाहरण रमाबाईंसमोर होतं. बांधील निधी नाही, जे हवं ते देवाजवळ मागायचं. पोत्यातलं धान्य संपत आलेलं असताना केलेली प्रार्थना आणि सणासुदीला केलेली प्रार्थना यांत फरक असतो. तिथं शेती होती, माग होते, तेलघाणी होती, छापखाना होता. १९०५ साली केडगावला प्रार्थनेची मोठी लाट आली आणि तिची वार्ता जगभर गेली. त्या लाटेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला मात्र त्याआधीच्या आणि नंतरच्या साध्या दिवसांचं अधिक कौतुक वाटतं. रोजची घंटा, रोजचं दळण, रोजची प्रार्थना.

केडगावच्या त्या छापखान्यातच रमाबाईंचं शेवटचं मोठं काम झालं. संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून एकहाती केलं. त्याआधी मराठी बायबल होतंच, पण त्यातले संस्कृत वळणाचे शब्द खेड्यातून आलेल्या मुलींच्या डोक्यावरून जात. ज्या बाईनं लॅटिन अक्षरांचा क्रूस घालायला हरकत घेतली होती, तिनं आता आपल्या लेकींसाठी आपलं संस्कृतही बाजूला ठेवलं. जी भाषा चुलीपाशी बोलली जाते तीच देवाशी बोलायला पुरेशी आहे, हा त्यामागचा विचार. खिळे जुळवणाऱ्या, पानं छापणाऱ्या सगळ्या मुक्तीतल्याच मुली. विद्वानांना ते भाषांतर रुचलं नाही. ते ज्यांच्यासाठी होतं त्या काही विद्वान नव्हत्या.

मनोरमा शिकून परतली होती. शारदा सदनाची शाळा ती पाहत होती, अंध बायांना ब्रेल शिकवत होती. आईचं काम पुढे तीच चालवणार, हे सगळे गृहीत धरून चालले होते. जुलै १९२१ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ती गेली. आईवडील, भाऊ, पती आणि आता ही एकुलती लेक. रमाबाई भाषांतराची मुद्रितं तपासत राहिल्या. काम आटोपत आलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्याही गेल्या. १९२४ साली संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं. त्या मधल्या आठ-नऊ महिन्यांत त्यांनी प्रार्थनेत देवाला काय विचारलं असेल, हे आपल्याला कळणार नाही. त्यांनी रोजचं काम आणि रोजची उपासना थांबवली नाही, एवढं कळतं.

रमाबाईंची गोष्ट ऐकून एखादीला वाटेल, हे सगळं पंडितेला जमलं, आपल्यासारखीला कसं जमावं? म्हणून दुसरं एक नाव घेते. लक्ष्मीबाई टिळक. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या आणि दत्तू तीन-चार वर्षांचा होता. नवऱ्याचा देव एक, आपला देव दुसरा, आणि मध्ये मूल. काही वर्षं ताटातूट झाली. मग त्या टिळकांकडे राहायला आल्या, पण आपला धर्म आणि आपलं सोवळं सांभाळून. एकाच छपराखाली दोन देव नांदत होते. त्यांचं मन पालटलं ते कुणाच्या प्रवचनानं नाही. आधी जातीचा विटाळ मनातून गेला, बाकीचं मागाहून आलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’मध्ये हे सारं त्यांनी हसत, स्वतःची थट्टा करत सांगितलं आहे. त्यांच्या घरात स्वतःच्या मुलांबरोबर कितीतरी पोरकी मुलं वाढली, बालकवी ठोमऱ्यांसारखा हिंदू मुलगाही त्यांच्या मायेत राहिला. त्यानं धर्म बदलला नाही आणि त्यांची मायाही कमी झाली नाही. म्हणजे दार उघडं ठेवूनही कुणाला ओढून आत न घेणं शक्य होतं. या घरानं ते करून दाखवलं.

टिळकांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग आणि पदं रचली, ती शंभराहून अधिक आहेत. विलायती चालींवर बेतलेल्या गीतांशेजारी ती ‘उपासना संगीता’त आली आणि घराघरांत गेली. १९१९ साली ते वारले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य पहिल्या काही अध्यायांवरच थांबलेलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी. लग्न होऊन सासरी येईपर्यंत ज्यांना धड लिहिता-वाचता येत नव्हतं त्या बाईंनी उतारवयात अध्यायांमागून अध्याय रचले, आणि १९३६ साली त्या गेल्यावर शेवटचा हात मुलानं, देवदत्तानं फिरवला. स्टीफन्स यांनी तीनशे वर्षांपूर्वी जी ओवी बायकांच्या जात्यावरून उचलली होती, ती अशी पुन्हा एका बाईच्या हाती परत आली.

आज काळ बदलला आहे. जातं गेलं, पहाटेची ती वेळ लोकल पकडण्यात जाते, घरातली माणसं वेगवेगळ्या वेळी जेवतात. पुष्कळ ख्रिस्ती आया म्हणतात, कुटुंबाची उपासना आता फक्त नाताळात होते. त्यांचं खोटं नाही. पण इतिहास पाहिला तर निवांत वेळ कुठल्याच आईला मिळालेला दिसत नाही. रमाबाईंच्या आईला तो मिळाला नाही, चेल्टनहॅमहून मुलीची पत्रांतून काळजी वाहणाऱ्या रमाबाईंना मिळाला नाही, पोरांच्या गोतावळ्यातल्या लक्ष्मीबाईंनाही मिळाला नाही. त्यांनी तो कामातून काढला. डबा भरताना मुलाच्या परीक्षेसाठी दोन शब्द, कुकरची शिटी होईपर्यंत एक स्तोत्र, रात्री दिवा मालवताना प्रभूची प्रार्थना. एवढंही पुरतं. मुलं शब्द विसरतात. आई त्या वेळी थांबत होती, हे मात्र ती विसरत नाहीत.

राहिला दाराचा प्रश्न. तो १८९३ साली सुटला नाही आणि आजही सुटलेला नाही. आज आपल्या घरांत वेगळ्या धर्माची सून येते, जावई येतो, मुलांचे मित्र अभ्यासाला येतात, कामाला येणाऱ्या बाईंची मुलगी ओट्याशेजारी बसलेली असते. प्रार्थनेची वेळ झाली की दार लावायचं का? माझ्यापुरतं मी ठरवलं आहे की लावायचं नाही. आत येणाऱ्याला जागा द्यायची, न येणाऱ्याला हाक मारायची नाही, आणि जो आपल्यावर अवलंबून आहे त्याच्या बाबतीत दुप्पट जपायचं. रमाबाईंचा आग्रह आणि रानड्यांची शंका, दोन्ही जवळ ठेवूनच त्या उंबरठ्यावर बसावं लागतं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)